ऑनलाइन किटने दात पांढरे करणं कितपत सुरक्षित?

हेमांगी_आर
लग्न सहा आठवड्यांवर आलंय. ऑनलाइन एक किट पाहिलं: ३५ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या तीन सिरिंजा, गरम पाण्यात बुडवून चावायचा ट्रे आणि निळा दिवा. दवाखान्यात ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एका बैठकीत लावू म्हणतात. आकडा तोच, मग घरी केलं तर बिघडलं कुठे? वरच्या पुढच्या एका दाताला दातरंगाचं फिलिंग आहे. गार पाण्याने दात थोडे शिवशिवतात.

दंतकथा
आकडा तोच, पण औषध वेगळं. कार्बामाइड फुटून त्याच्या साधारण एक तृतीयांश हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे किटमधलं ३५ टक्के हे जेमतेम १२ टक्के, आणि दवाखान्यातलं त्याच्या तिप्पट. पण तिथे हिरडीवर आधी रेझिनचा बांध घालून तो दिव्याने कडक करतात, ओठ-गाल बाजूला धरतात आणि समोर बसून लक्ष ठेवतात. त्या बांधाला बारीक फट राहिली तरी हिरडी पांढरीफटक पडते. घरी बांधच नसतो, म्हणून १२ टक्केही जास्तच. युरोपीय संघात ६ टक्क्यांच्या वरचं दात पांढरे करायला चालत नाही, ०.१ ते ६ टक्के फक्त दंतवैद्यामार्फत, आणि १८ वर्षांखालच्यांना अजिबात नाही. घरासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं जेल १० टक्के कार्बामाइडचं, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के पेरॉक्साइड.

पण टक्केवारीपेक्षा क्रम महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात तपासणी आणि स्केलिंग (यंत्राने दातांवरचा कीटण काढणं). चहाचे, तंबाखूचे, मिशरीचे डाग दातावर वरवर बसलेले असतात. बऱ्याचदा स्केलिंग-पॉलिशिंगनेच काम भागतं. पेरॉक्साइड धडधाकट दातातूनही काही मिनिटांत आतल्या नसेपर्यंत पोचतं, मग कीड, चीर किंवा गळकं फिलिंग असेल तर काय होईल ते सांगायला नको. तुमचे दात शिवशिवतात ते हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडल्यामुळे, की फिलिंगच्या कडेने गळतंय म्हणून, हे आधी कळलं पाहिजे.

मग दोन-तीन आठवडे जेल. फिलिंगचा रंग त्याने बदलत नाही (कॅपचाही नाही), त्यामुळे शेजारचे दात उजळले की ते उठून दिसेल. ते बदलायचं, पण लगेच नाही: दातात उरलेला ऑक्सिजन नव्या फिलिंगची पकड कमकुवत करतो, आणि रंगही दोन आठवड्यांत थोडा उतरून मगच स्थिर होतो. सगळं जोडलं की तुमचे सहा आठवडे संपले, तेव्हा तपासणी याच आठवड्यात.

कोथरूडकर_अनु
ट्रेबद्दल. गरम पाण्यातला ट्रे जाड आणि ढिला बसतो, कडेने जेल बाहेर येऊन हिरडीवर साचतं. माप घेऊन प्लास्टरच्या साच्यावर पातळ मऊ शीट ओढून केलेला ट्रे घ्या, कड हिरडीच्या रेषेवर कापलेली हवी.

ब्रश करून मगच ट्रे. प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं जेल, बस्स. ट्रे बसवल्यावर बाहेर आलेलं कोरड्या मऊ ब्रशने पुसून घ्या. १० टक्केवालं रात्रभर चालतं. शिवशिवणाऱ्या दातांना दोन तास पुरे. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन आठवडे आधीपासून सुरू करा. दात झणझणले तर एक रात्र सोडा. एकाआड एक रात्र लावूनही रंग तितकाच येतो, फक्त वेळ लागतो. हिरडी पांढरी पडली तर पाण्याने धुवा, सहसा काही तासांत पूर्ववत होते. एकाच दातात ठणका राहिला तर मात्र जेल बंद आणि एक्स-रे.

निळ्या दिव्याचे पैसे वाचवा. तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात पांढरा दिसतो. एक-दोन दिवसांत तो भाग उतरतो. आणि या काळात क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश नको, तपकिरी डाग पडतात.

साधा_माणूस
एवढा खटाटोप कशाला? लिंबू आणि खायचा सोडा, आठवड्यातून दोनदा.

दंतकथा
सोडा एकटा तसा निरुपद्रवी, खरखरही कमी. घात लिंबाचा आहे. दाताचं वरचं कवच साधारण साडेपाच पीएचखाली (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोन ते अडीचचा. दात आंबतात ते उगाच नाही. त्यात वर घासलं की मऊ पडलेला थर निघून जातो. कोळशाची पावडर, गेरूचं लाल मंजन यांचीही घासूनच झीज. कवच पातळ झालं की आतला पिवळा थर दिसतो, म्हणजे घासाल तितके पिवळे. आणि कवच पुन्हा येत नाही.

हेमांगी_आर
कळलं, तपासणी आधी. धाकट्या भावाच्या दातांवर पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग आहेत. वय १६, लहानपण पांढरकवड्याला बोअरच्या पाण्यावर गेलं. त्यालाही हेच जेल?

दंतकथा
आत्ता नको. यवतमाळच्या त्या पट्ट्यात पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे हे फ्लोरोसिस असण्याची शक्यता मोठी. दात हिरडीखाली घडत असतानाच हा दोष बसतो, घासून जात नाही. जेलने तपकिरी डाग फिकट होतात, पण पांढरे पट्टे सुरुवातीला जास्तच उठून दिसतात आणि पोरं घाबरून मध्येच सोडतात. डाग उथळ असतील तर दंतवैद्य सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिसच्या (बारीक खरखरीत दगडाच्या भुकटीच्या) पेस्टने वरचा अगदी पातळ थर घासून काढतात; पांढऱ्या पट्ट्यांत पातळ रेझिन मुरवायचीही पद्धत आहे. दोन्ही कामं रबर डॅम (फक्त दात बाहेर ठेवून हिरडी झाकणारा रबराचा पडदा) लावूनच करून घ्या, आम्ल हिरडीला लागता कामा नये. घरातली धाकटी मुलं अजून तेच पाणी पीत असतील तर ते तपासून घ्या: लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.