मदत हवी आहे: ऑइल बदलूनही ट्रान्समिशनमध्ये पुन्हा पाणी दिसतंय

ट्रॅक्टर ५० एचपीचा, ऑइल ब्रेकवाला (ब्रेक प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या). गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हीला एकच ऑइल. डिपस्टिक काढली की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, बोटांत चोळलं तर फेस येतो. ऑइल तापलं की नांगर उचलताना लिफ्ट थरथरते.

ट्रॅक्टर गरम असताना सगळे ड्रेन प्लग उघडून जुनं ऑइल काढलं. सक्शनची जाळी डिझेलने धुतली, हायड्रॉलिकचा फिल्टर नवा टाकला, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं यूटीटीओ (गिअर, हायड्रॉलिक, ब्रेक तिन्हीला चालणारं ट्रॅक्टरचं) ऑइल भरलं. गिअर लिव्हरचं रबरी बूट चिरलं होतं, तेही बदललं. थोडे दिवस ऑइल स्वच्छ राहिलं, मग पुन्हा तेच. ट्रॅक्टर शेडमध्येच असतो. इंजिन ऑइल स्वच्छ आहे, रेडिएटरचं पाणीही कमी होत नाही.

मला शंका ॲक्सल हाउसिंगची आहे, तिथलं ऑइल ड्रेन प्लगमधून पूर्ण निघत नाही. उरलेल्या पाण्यामुळेच नवं ऑइल खराब होत असेल का, की ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर जायचं तोंड) किंवा पीटीओच्या (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) सीलमधून धुताना पाणी आत जातंय? मेकॅनिक डिझेल घालून फ्लश करू म्हणतोय, पण ब्रेक प्लेट त्याच ऑइलमध्ये असल्याने मन धजावत नाही. ऑइल महाग आहे, तिसऱ्यांदा वाया घालवायचं नाही. नवं भरण्याआधी आत उरलेलं पाणी नेमकं कसं काढायचं?