मदत हवी आहे: शार्कच्या पोटातला पीएच २ वरून थेट ८ वर?

गार्गी_कीज: शार्कला माशाच्या तुकड्यात घालून पीएच टॅग (पोटातली आम्लता मोजणारं छोटं यंत्र; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) गिळवला. दोन दिवस आकडा २ च्या आसपास, तिसऱ्या दुपारपासून ८.३. टॅग गेला का कामातून? गुरुवारी गाईडना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

समुद्रवेडा: कुठली शार्क? टॅग खोली नोंदवतो का? समुद्राचं पाणी साधारण ८.१ असतं. टॅग ओकून टाकलाय तिने. नको ते बाहेर काढायला काही शार्क अख्खं जठर तोंडाबाहेर उलटं करतात.

गार्गी_कीज: नर्स शार्क, इथे फ्लोरिडातली. खोली ६ मीटर, दुपारभर हललेली नाही.

समुद्रवेडा: मग संपलं. टॅग तळाशी पडलाय.

कोकणी_पोर: पीएचचं सोडा, आतडं बघा. मिरकरवाड्याला आई मुशी (म्हणजे शार्कच) साफ करायची, आतडं उभं चिरलं की आत गोल जिन्यासारखा पडदा दिसायचा. २०२१ मध्ये सीटी स्कॅन करून दाखवलंय की त्या पिळामुळे अन्न एकाच दिशेने सरकतं.

मालवणचो: आमच्याकडे मोरी म्हणतात. हल्ली वीतभर पिल्लंही बाजारात येतात, ती घेऊ नका हो कुणी.

मत्स्य_काका: अरे, पोरीने काय विचारलंय! गार्गी, घाई करू नकोस. नर्स शार्क दिवसा तळाशी पडूनच असते, तेव्हा दुपारच्या खोलीवरून काही ठरत नाही. शिवाय हिचं जठर निराळं. ब्लॅकटिप रीफ शार्क उपाशी असली तरी आम्ल स्रवत राहते, नर्स शार्क मात्र पचन आटोपलं की थांबवते आणि पीएच ८ च्या वर जाऊ शकतो. पापास्तामाटिऊ आणि लो यांचा २००५ चा पेपर वाच. आता दोन गोष्टी सांग: आकडा एकदम उडाला की चढत गेला? आणि रात्रीची खोली?

समुद्रवेडा: काका, कॅलिब्रेशन (टॅगचा आकडा आधी जुळवून घेणं) चुकलं असेल तर हे सगळं व्यर्थ. मी प्रत्येक टॅग आधी बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, बुडवून बघतो.

मत्स्य_काका: बघावंच. पण नुसतं कॅलिब्रेशन चुकलं असतं तर पहिले दोन दिवस २ कसा आला असता?

गार्गी_कीज: चढायला पाच तास लागले. रात्री खोली २ ते ९ मीटर, सारखी बदलतेय.

मत्स्य_काका: पडलेला टॅग भरती-ओहोटीएवढाच वरखाली दाखवतो. तुझा टॅग पोटातच आहे. आता तिने पुन्हा खाल्लं की पीएच खाली येतो का बघ, तोवर रेकॉर्डिंग बंद करू नकोस.

गार्गी_कीज: काका, बंदच करणार होते!