क्षेपणास्त्रात ‘चार्ज होणारी’ बॅटरी का नको

पाषाणरोड: काल इथे एकाने लिहिलं, ‘गाडीत लिथियम-आयन चालते, मग क्षेपणास्त्रात का नाही? एकदाच वापरायच्या बॅटऱ्या म्हणजे उधळपट्टी.’ वाचून डोकं फिरलं. क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं कोठारात पडून असतं, तिथे चार्जर घेऊन कोण फिरणार? तिथे एकदाच वापरायची थर्मल बॅटरी लागते. तिच्यातलं वीज वाहून नेणारं मीठ घट्ट असतं, म्हणून ती पडून झिजत नाही. आतला मसाला पेटला की साडेतीनशे अंशांच्या वर मीठ वितळतं आणि सेकंदभरात वीज! डिझाइनचा कस तिथेच. उष्णता कमी पडली तर मीठ लवकर गोठतं, जास्त झाली तर पायराइट, म्हणजे धन इलेक्ट्रोडचं रसायन, फुटतं.

वाकडचा_ईव्हीवाला: ते मीठ काही मिनिटांत थंड. ड्रोनला तासभर उडायचंय.

पाषाणरोड: ड्रोन परत येतो, त्याला चार्ज होणारीच द्या. पण फिले हे युरोपचं अवकाशयान 2004 ला निघालं, 2014 ला धूमकेतूवर उतरलं आणि लिथियम-थायोनिल क्लोराइडच्या प्राथमिक, म्हणजे चार्ज न होणाऱ्या, बॅटरीवर दोन दिवसांहून जास्त चाललं.

वाकडचा_ईव्हीवाला: फिलेवर चार्ज होणारी बॅटरीही होती, ते बरं गाळलंत!

खडकीकरीण: थायोनिलचं एवढं कौतुक नको. लिथियमवर क्लोराइडचा थर बसतो म्हणून सेल टिकतो, पण त्याच थरामुळे अचानक मोठा लोड टाकला की व्होल्टेज कोसळतो. माझ्या टेबलावर 3.6 चा जुना सेल क्षणभर दोनच्याही खाली गेला, मग रडतखडत चढला. पातळ इलेक्ट्रोड गुंडाळून करंट वाढवाल, पण आत शॉर्ट झाला तर? लिथियम 180 अंशांना वितळतं. आतला दाब सोडणारा व्हेंट आणि फ्यूज हवेतच, आणि ते जागा खातात.

निवृत्त_क्यूए: रसायन राहू द्या, एल-वनचं, म्हणजे सर्वात कमी बोलीवाल्यालाच ऑर्डर देण्याचं, बोला! एका पुरवठादाराकडे ऐन जुलैत ड्राय रूमचं (लिथियमला दमट हवा चालत नाही म्हणून कोरडी ठेवलेली खोली) दार वीट लावून उघडं ठेवलेलं मी पाहिलं. बॅच नाकारली, तर वरून फोन: ‘डिस्पॅच अडवू नका.’

भोसरी_युनिट: साहेब, एका वर्षी मूठभर ऑर्डर, पुढे सगळा शुकशुकाट. ड्राय रूम मात्र चोवीस तास चालू. बिल तुम्ही भरता?

निवृत्त_क्यूए: म्हणून दारात वीट? त्या सेलवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो!

भोसरी_युनिट: आवाज चढवू नका. दाराला अलार्म हवा, मान्य. पण सलग पाच वर्षांची ऑर्डर लेखी द्या, मग दर्जा मागा.

निवृत्त_क्यूए: ऑर्डर सलग हवी, एवढं पटलं. दर्जा मात्र पहिल्या सेलपासून मागणार.

वाकडचा_ईव्हीवाला: कोठाराचं मान्य. ड्रोनचं सोडत नाही.