पाटीवरचं स्थापना साल खरं की खोटं, कागदावरून कसं ठरवायचं? (खानापूर, जि. बेळगाव)

खानापूरकर:
वाचनालयाच्या अंकासाठी खानापूर पेठेतल्या आठ-दहा जुन्या घराण्यांच्या दुकानांची माहिती गोळा करतोय. किराणा, कापड, भांडी, एक सराफ. "आजोबांनी घातलं" यापलीकडे कुणी सांगत नाही, आणि पाटीवरच्या सालांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. एका सावकारांच्या माळ्यावर वह्यांची ट्रंक आहे. काही मोडी लिपीत, काही कन्नडमध्ये. सुरुवात कुठून करू?

रोजकीर्द:
आधी प्रत्येक वहीचं पहिलं पान बघा. दिवाळी पाडव्याला वहीपूजन होतं, म्हणून वर देवाचं नाव, खाली तिथी, शके आणि संवत्सराचं नाव असतं. कार्तिक शु. १ शके १८६९, सर्वजित संवत्सर असं दिसलं तर तो नोव्हेंबर १९४७. शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंत ७९. संवत्सराचं नाव पंचांगाशी ताडून बघा, शकाचा आकडा पुसट असला तरी नावावरून साल पक्कं होतं, फक्त तेच नाव साठ वर्षांनी परत येतं हे ध्यानात ठेवा.

घोटाळा इथं होतो: वही दिवाळी ते दिवाळी चालते आणि शक मात्र गुढीपाडव्याला बदलतो. म्हणजे मुखपृष्ठावर १८६९ असलेल्या वहीत चैत्रापासून पुढची पानं १८७० ची. गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या वहीत विक्रम संवत असेल, त्यातून दिवाळी ते डिसेंबर ५७ आणि पुढे ५६ वजा करा.

आकडेही जपून. रुपयांपुढे उभा दंड म्हणजे चार आणे, दोन दंड आठ, तीन बारा. त्यापुढची बारीक आडवी-तिरकी रेघ म्हणजे एकेक आणा. ७ पुढे दोन दंड आणि तीन रेघा म्हणजे सात रुपये अकरा आणे. मोडीची सवय नसलेला माणूस हे दंड एकाचे आकडे समजून टायपतो आणि साध्या उधारीचे शेकड्यांत रुपये होतात. "न.पै." दिसलं तर १९५७ ते १९६४ मधलं पान. आणे १ एप्रिल १९५७ ला कायद्याने गेले, पण हिशेबात नंतरही रेंगाळले, तेव्हा नुसत्या आण्यांवरून "५७ च्या आधीचं" असं ठरवू नका.

उताराबहाद्दर:
वहीपेक्षा बिलबुकं लवकर बोलतात. मथळ्यावर "मैसूर राज्य" असेल तर कागद नोव्हेंबर १९५६ ते ऑक्टोबर १९७३ मधला. त्याआधी आपण मुंबई राज्यात, नंतर कर्नाटक. पिनकोड छापलाय म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. जुना छापील साठा वर्षानुवर्षं वापरायचे, म्हणून मथळा आणि हातानं लिहिलेली तारीख दोन्ही टिपा.

आता मुख्य मुद्दा. धंदा सुरू झाला ते साल, सध्याच्या जागेत आले ते साल आणि फर्म नोंदली ते साल, ही तीन वेगळी सालं. पाटीवर यातलं सोयीचं लिहितात. जागेसाठी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, फेरफाराच्या नोंदीत खरेदी, वारसा, वाटणी दिसते. १९५६ च्या आधीची बरीच कागदं मराठीत सापडतात, पुढची कन्नडमध्ये. भाड्याच्या गाळ्यात असतील तर कार्डावर मालकाचंच नाव येणार, तिथं भाडेपावत्या लागतील.

फर्मची नोंदणी १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली. ती सक्तीची नव्हती. पण नोंदणीशिवाय फर्मला आपल्या येणे रकमेसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, त्यामुळे पुष्कळांनी गरज पडल्यावरच केली. म्हणून दाखल्यावरचं साल धंद्याचा जन्म धरू नका. दुकान परवान्याचंही तेच: मुंबईचा कायदा १९४८ चा, कर्नाटकाचा १९६१ चा. त्याआधीच्या काळातला या कायद्यांखालचा परवाना दिसणारच नाही.

सराफाकडे सोने नियंत्रणाच्या काळातला परवाना आहे का विचारा. १९६३ चे नियम, १९६८ चा कायदा, तो १९९० ला गेला. या काळात धंदा बंद ठेवून पुन्हा उघडला असेल तर "अखंड तीन पिढ्या" हे वाक्य तपासूनच छापा.

खानापूरकर:
हे फार कामाचं, धन्यवाद. एक शंका: एकाच कीर्दीत (रोजच्या हिशेबाच्या वहीत) तांदूळ "२ मण" आणि गूळ "२ मण" आहे. दोन्ही पाऊणशे किलो धरू का ओ?

रोजकीर्द:
छे, दोन्ही वेगळे. गूळ वजनी: ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, म्हणजे ३७.३२ किलो. दोन मणांचे पाऊणशे किलो बरोबर. तांदूळ बहुधा कैली: ४ शेरांची पायली, १२ पायल्यांचा मण. हे माप आहे, वजन नव्हे. भात, तांदूळ, नाचणी, प्रत्येकाचं किलोत उत्तर वेगळं येईल. जवळपासच्या नोंदीत पायली, अधोली, मापटं, चिपटं आलं की कैली समजा. शिवाय जुन्या काळी शेर गावागणिक वेगळा असायचा, म्हणून १९३० च्या आधीच्या वहीत किलो करूच नका, मूळ मापच छापा. मेट्रिक १९५८ ते १९६२ टप्प्याटप्प्याने आलं.

शहापूरचा:
बेळगावच्या शहापुरातून उठून आलेलं घराणं असेल तर एक लक्षात ठेवा. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. तिथले त्याआधीचे कागद बेळगावच्या ब्रिटिश दप्तरात शोधलेत तर हाती काही लागणार नाही, संस्थानच्या दप्तरात शोधावे लागतील.

आणि ट्रंक आत्ता पावसात उघडू नका, खानापूरची ओल ठाऊकच आहे. दिवाळीनंतर सावलीत पानं वाऱ्याला लावा, बुरशी कोरड्या मऊ ब्रशनं घराबाहेर झाडा. उन्हात टाकलं तर कागद कडक होऊन घडीवर तुटतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. फोटो काढताना बाजूला पट्टी ठेवा, वहीचा आणि पानाचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच चौकटीत घ्या. उधारीच्या खतावणीची (प्रत्येकाच्या नावावरच्या खात्यांच्या वहीची) पानं मात्र अंकात छापू नका. त्यातली आडनावं अजून त्याच गल्लीत नांदतात.