फ्रान्स नव्हे, बसरा

साताऱ्याचे गडी फ्रान्सच्या खंदकांत लढले, असं सरसकट लिहिलं जातं. काही गेलेही असतील. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली हेही खरं. पण मराठा पलटणींचं मोठं रण इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात होतं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. शिधा संपला, घोडे कापले, तरी कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ तोंडाला लावलं नाही. उपाशीच पहारे दिले.

आमची आजी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेला ‘बसऱ्याची पेटी’ म्हणायची. बसरा हे इराकातलं बंदर, पण ते कुठंय, तिला ठाऊक नव्हतं.