गाताना चित्रांची वही उलटणारा जेफ्री लुइस

रात्रपाळी७७: काल यूट्यूबवर न्यूयॉर्कच्या जेफ्री लुइसचा व्हिडिओ लागला. हातात ड्रॉइंगची मोठी वही, एकेक पान उलटतोय आणि कम्युनिझमचा इतिहास गाऊन सांगतोय! आवाज काही फार तयारीचा नाही पण माझी नजर हलेना. हा मुळात गायक आहे का कॉमिकवाला? आणि सुरुवात कशापासून करू?

शाईचा_डाग: दोन्ही, मला तर ते वेगळं करताच येत नाही. १९७५ चा जन्म, वाढला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, कॉलेजात प्रबंध लिहिला तोसुद्धा वॉचमेन या कॉमिकवर. स्वतःचं 'फफ' नावाचं कॉमिक काढतो (आधी नाव 'गफ' होतं), गोष्ट, पेन्सिल, शाई सगळं एकटा, अल्बमची कव्हरंही स्वतःच काढतो. गाणी घडली ती ईस्ट व्हिलेजच्या साइडवॉक कॅफेत, ओपन माइकला (कुणीही उठून गावं असा कार्यक्रम), अँटीफोकवाल्या म्हणजे लोकगीताच्या ढंगात पण मुद्दाम ओबडधोबड गाणाऱ्या मंडळींत, तिथे गळ्यापेक्षा शब्दाला मान. मग २००१ ला लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने त्याचा अल्बम काढला. तो त्या वहीच्या गाण्यांना लो बजेट फिल्म म्हणतो, आणि खरंच आहे ते, कॅमेरा नाही, एडिटिंग नाही, पान उलटलं की कट.
सुरुवात २००७ च्या अल्बमपासून कर. इंग्लंडच्या क्रास या पंक बँडची १२ गाणी गायलीत. मूळ गाणी इतकी ओरडून म्हटलेली की अर्धे शब्द कळायचेच नाहीत मला, इथे एकेक शब्द पोचतो, आणि राग तसाच्या तसा.

कुडाळकर: व्हिडिओ बघून आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी आठवली. ठाकर समाजाची कला, चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गातात. त्याला हे माहीत असेल असं म्हणत नाही मी, पण चित्र किती वेळ धरायचं हे गाणं ठरवतं, ते दोन्हीकडे सेमच. लहानपणी देवळात बघितलंय, पुढचं चित्र येईस्तोवर आम्ही पोरं श्वास धरून बसायचो.

रात्रपाळी७७: @शाईचा_डाग क्रासवाला लावलाय, तिसऱ्या गाण्यावर आहे, भारी! @कुडाळकर चित्रकथी अजून बघायला मिळते का?

कुडाळकर: मिळते ना. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत गोठ्यातच म्युझियम केलंय, २०२१ ला पद्मश्री मिळाली त्यांना. जाशील तेव्हा फोन करून जा आणि नुसत्या पोथ्या बघून परत येऊ नको, गाऊन दाखवायला सांग.