मदत हवी आहे: गप्पी मासे सोडल्यापासून हौदाचं पाणी हिरवंगार

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीला राहतो. परसात आजोबांच्या काळचा दगडी हौद आहे, कंबरभर खोल. पाणी फक्त झाडांना. भर उन्हाळ्यातही तळाची फरशी दिसायची. श्रावणात डेंग्यूच्या धास्तीनं मित्राकडून २५-३० गप्पी आणून सोडले. डासांच्या अळ्या आठवड्यात साफ झाल्या, पण महिन्याभरात पाणी हिरवं. हात घातला तर बोटं दिसत नाहीत. दोनदा उपसून भरलं, पंधरा दिवसांत परत तेच.

आधी या पाण्यात पांढरट ठिपके टुणटुण उड्या मारायचे. पोरगी ग्लासात धरून मोबाइलच्या बॅटरीपुढं बघत बसायची: आरपार अंग, एकच काळा डोळा, काहींच्या पाठीत अंडी. आता शोधून एक सापडत नाही. ह्याचा काही संबंध असेल का? तुरटी, ब्लीचिंग सांगू नका.

उत्तर १
संबंध आहे, तोच तर विषय आहे भावा. ते ठिपके म्हणजे डाफ्निया, जलपिसू. नाव पिसूचं, जात कोळंबी-खेकड्यांची. पाय हलवून पाणी आत ओढतात आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. तुमची फरशी त्यांच्यामुळं दिसत होती. गप्पींनी अळ्यांबरोबर त्यांनाही संपवलं, वर विष्ठेतून शेवाळाला नत्र-स्फुरदाचं खत. पाणी बदलून उपयोग नाही, गप्पी काढा. आणि उपसताना तळाचा गाळ टाकून दिला नाहीत ना? जलपिसूची जाड कवचाची अंडी गाळात वर्षानुवर्षं टिकतात.

उत्तर २
गप्पी काढल्यावर डासांचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. सायक्लॉप्स बघा, जलपिसूसारखेच पाण्यातले बारीक जीव, एकडोळे, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन थैल्या. त्यांच्यातल्या मेसोसायक्लॉप्सच्या काही जाती नुकत्याच फुटलेल्या डासांच्या अळ्या खातात. व्हिएतनामात डेंग्यूविरुद्ध टाक्यांत सोडल्या होत्या. (आमच्या आजीला मात्र सायक्लॉप्स म्हटलं की नारूच आठवायचा, म्हणजे सायक्लॉप्स असलेलं पाणी पिऊन होणारा जंताचा रोग; पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय पीत नसे. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.)

धागाकर्ता
दादा, गाळ काढलाय हो! चार पाट्या चाफ्याच्या बुंध्याशी टाकल्या, वाळून ढेकळं झालीत.

उत्तर १
मग काय अडलंय! नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडू दे. मग त्यात ओंजळभर ढेकूळ चुरून टाका. बादली सावलीत ठेवा, आणि पोरीला रोज ग्लास घेऊन बसवा.